डीप फ्रीझर, चिलर, कोल्ड रूममधला गॅस बदलतोय: नागपूरच्या दुकानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की सीताबर्डीपासून कळमन्यापर्यंत फ्रीजच्या मेकॅनिकचा फोन लागेनासा होतो. त्याच सुमारास ‘हा गॅस बंद होणार म्हणे’ ही चर्चाही दुकानादुकानांत सुरू होते. खालचे प्रश्न आइस्क्रीम पार्लर, डेअरी, मिठाई-फरसाणची दुकानं, चिकन-मटणवाले आणि छोट्या कोल्ड रूमवाल्यांकडून येतात. घरच्या फ्रीजचा विचार इथे केलेला नाही. नव्या घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक वेळा ६००ए हा गॅस (आयसोब्युटेन) असतो आणि तो या भानगडीत येतच नाही.

नेमका कोणता गॅस बंद होतोय? कोणी म्हणतं बावीस नंबर, कोणी म्हणतं ४०४.

दोघंही बरोबर आहेत, पण गोष्टी दोन वेगळ्या आहेत. बावीस नंबर, म्हणजे आर-२२, ओझोनचा थर खराब करतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याची गच्छंती चालू आहे. भारतात नवीन यंत्रं बनवताना तो वापरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. आता तो जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता मिळतो, आणि २०३० नंतर तोही अगदी नावापुरता राहील.

त्याच्या जागी जे आले, ते ४०४ए, ५०७ए, १३४ए, ४१०ए. हे ओझोनला काही करत नाहीत, पण हवेत सुटले की पृथ्वीची उष्णता धरून ठेवतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे मॉन्ट्रियल करारातच दुरुस्ती झाली आणि या गॅसांचा वापर टप्प्याटप्प्यानं उतरवायचं ठरलं. भारतानं ती दुरुस्ती सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर केली.

कोणता गॅस किती वाईट, हे जीडब्ल्यूपी या आकड्यावरून कळतं. एक किलो गॅस हवेत सुटला तर तो शंभर वर्षांत किती किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरेल, असं ते गणित. ४०४ए चा आकडा ३,९२२. ५०७ए चा ३,९८५. आर-२२ चा १,८१०, १३४ए चा १,४३०. आणि २९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, त्याचा फक्त ३. किगाली करारात २९०, ६००ए, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड यांच्यावर काहीही बंधन नाही.

२०२८ मध्ये माझा फ्रीझर बंद करायला कोणी येणार का?

नाही.

मग त्या २०२८ चा माझ्याशी संबंध काय?

भारतात २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांच्या वापरावरून एक आधाररेषा ठरते. २०२८ पासून देशाचं उत्पादन आणि वापर त्या रेषेवर गोठवायचा. पुढे २०३२ मध्ये १० टक्के कपात, २०३७ मध्ये २०, २०४२ मध्ये ३०, आणि २०४७ मध्ये एकदम ८५ टक्के. मोजमाप किलोत होत नाही, जीडब्ल्यूपीनं गुणून होतं. त्यामुळे देशाच्या कोट्यातून एक किलो ४०४ए जेवढी जागा खातो, तेवढ्यात जवळपास पावणेतीन किलो १३४ए बसतो. आयात करणारा आणि सिलेंडर भरणारा आधी कशाला नाही म्हणेल, ते यावरून ओळखा.

हे वेळापत्रक आपल्याला जरा सैल मिळालंय. भारत, पाकिस्तान, इराण, इराक आणि आखाती देश अशा दहा गरम देशांचा वेगळा गट केला गेला. चीन, ब्राझीलसारख्या देशांवर २०२४ पासूनच मर्यादा लागली. पण सैल म्हणजे निवांत असं समजू नका. आज घेतलेला डीप फ्रीझर इतवारीत सहज बारा-पंधरा वर्षं चालतो. कंप्रेसर बदलून, दरवाजाचं रबर बदलून, रंग मारून आपण तो चालवतोच. म्हणजे आजचा ४०४ए चा फ्रीझर २०३७ च्या कपातीनंतरही तुमच्या दुकानात गॅस मागत उभा असेल. युरोपात असंच वेळापत्रक आधी सुरू झालं, तेव्हा २०१७-१८ मध्ये ४०४ए चे भाव कित्येक पटींनी चढले. बंदी दुकानात येत नाही, ती बिलातून येते.

माझ्या मशीनमध्ये कोणता गॅस आहे, हे मला कसं कळणार?

मेकॅनिकला विचारू नका, पाटी वाचा. मशीनच्या मागे कंप्रेसरच्या वर, किंवा आतल्या बाजूच्या भिंतीवर, चंदेरी स्टिकर असतो. त्यावर व्होल्टेज, अँपिअर, मॉडेल नंबर यांच्यामध्ये कुठेतरी गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं: आर-४०४ए, २८० ग्रॅम, अशा थाटात. धूळ आणि तेलानं ती ओळ बहुधा झाकलेली असते. ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसा, खरवडू नका, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हा फोटो पुढे फार उपयोगी पडतो. पिवळ्या त्रिकोणात काळी ज्योत दिसली तर यंत्र २९० किंवा ६००ए चं आहे.

कोल्ड रूम असेल तर गच्चीवरच्या कंडेन्सिंग युनिटच्या पाटीवर गॅसचं नाव असतं, पण वजन नसतं, कारण ते पाइपच्या लांबीवर ठरतं. ते बसवणाऱ्यानं लिहून द्यायला हवं होतं. दिलं नसेल तर पुढच्या सर्व्हिसला मागा.

आणि पाटीवर एक लिहिलेलं, आत दुसराच भरलेला, असं होतं का?

होतं, आणि बरंच होतं. सेकंड हँड फ्रीझरमध्ये तर फारच. म्हणून बिलं सांभाळा.

एवढ्याशा गॅसनं काय फरक पडतो? ट्रकचा धूर बघा आधी.

हिशेब करू. एक किलो ४०४ए हवेत गेला म्हणजे ३,९२२ किलो, जवळपास चार टन कार्बन डायऑक्साइड. आपल्याकडे एक युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो; कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या सावलीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणजे एक किलो गॅस उडाला तर साडेपाच हजार युनिट वीज जाळल्यासारखं झालं. एका छोट्या कोल्ड रूममध्ये असा चार-सहा किलो गॅस असतो आणि गळका जोड असेल तर तो एका उन्हाळ्यात सगळा जातो. जगभर किगाली नीट पाळलं गेलं तर या शतकाअखेर अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

दर उन्हाळ्यात गॅस संपतो. मेकॅनिक म्हणतो, ऊन जास्त आहे म्हणून.

या एका वाक्यावर नागपुरात कित्येक जणांचं पोट चालतं. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो तांब्याच्या बंद नळीत फिरतो, एकीकडे उकळतो, दुसरीकडे द्रव होतो, पुन्हा फिरतो. नळी गळत नसेल तर वीस वर्षांनीही तितकाच असतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी बाहेर गेला.

उन्हाळ्यात लक्षात येतं, त्याचं कारण वेगळं. हिवाळ्यात १०० ग्रॅम कमी असतानाही मशीन कसंबसं ओढून नेतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश झाले की तेवढी ताकद उरत नाही आणि आइस्क्रीम मऊ पडतं. गळती दिवाळीपासून चालू असते, तक्रार मेअखेरच्या नवतप्यात होते.

गळती कुठे आहे हे बऱ्याचदा डोळ्यांनीही दिसतं. गॅससोबत कंप्रेसरचं तेल फिरत असतं. जिथून गॅस झिरपतो तिथे तेलाचा ओशटपणा येतो आणि त्यावर धूळ बसते. फरसाणच्या दुकानातलं एक काउंटर डोळ्यापुढे आणा: मागची जाळी उघडली की सगळ्या नळ्यांवर बेसनाची कोरडी, फिकट पिवळी पूड. फक्त नळी जोडणाऱ्या एका फ्लेअर नटभोवती ती काळपट, ओली, बोट लावलं तर चिकट. तिथे साबणाचं पाणी लावलं की लगेच फुगे येत नाहीत. मिनिटभर थांबावं लागतं, मग मोहरीएवढा एक फुगा येतो, फुटतो, पुन्हा येतो. त्या मोहरीएवढ्या फुग्यासाठी दर वर्षी गॅसचं बिल भरलं जातं.

दुरुस्तीचा क्रम असा: उरलेला गॅस रिकव्हरी मशीननं सिलेंडरमध्ये काढायचा, जोड ब्रेझिंगनं, म्हणजे ज्योतीनं भरणीचा धातू वितळवून, पक्का करायचा, कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहायचं, ओलावा शोषणारा ड्रायर बदलायचा, व्हॅक्यूम पंप पुरेसा वेळ लावायचा, मग काट्यावर मोजून गॅस भरायचा. यातला नायट्रोजन आणि व्हॅक्यूम हे दोन टप्पे गाळले की काम तासाभरात उरकतं आणि पुढच्या वर्षी मेकॅनिक परत येतो. काट्याऐवजी नुसता दाबाचा ‘गेज बघून’ भरणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ज्या मशीनमध्ये तीनशे ग्रॅमच बसतो, तिथे पन्नास ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी थंडी आणि वीज दोन्ही बिघडतात.

४०४ए हे तीन गॅसांचं मिश्रण आहे. सिलेंडरमधून ते द्रव रूपातच काढावं लागतं, नाहीतर मिश्रणाचं प्रमाण बदलतं. मेकॅनिक सिलेंडर कसा धरतो एवढं पाहिलं तरी तो शिकलेला आहे की नाही ते कळतं.

४०४ काढून त्याच मशीनमध्ये २९० टाकून मिळेल का? आमचा एक जण करून देतो, स्वस्तात.

देतही असेल. करून घेऊ नका. मशीन थंडही होईल, कदाचित आधीपेक्षा चांगलं, आणि तीच खरी अडचण आहे; मालकाला वाटतं जमलं. पण ४०४ए ला आग लागत नाही, म्हणून त्या फ्रीझरचा रिले, थर्मोस्टॅट, पंख्याची मोटर, दिव्याचं बटण हे सगळं ठिणगी उडाली तरी चालेल अशा हिशेबानं बसवलेलं असतं. २९० पेट घेतो. कारखान्यात बनलेल्या २९० च्या यंत्रात हे भाग बंदिस्त किंवा ठिणगी न उडणारे असतात, नळीचे जोड कमीत कमी ठेवलेले असतात, गॅसचं वजन बांधून दिलेलं असतं. तुमच्या जुन्या मशीनमध्ये यातलं एकही नाही, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी पाटीवरचं नाव पाहील.

घरगुती सिलेंडरमधला गॅसही प्रोपेनच ना?

नाही. तो प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतो, प्रमाण बदलतं राहतं, त्यात वासाचं गंधकयुक्त रसायन आणि ओलावा असतो. यंत्रासाठीचा २९० साधारण ९९.५ टक्के शुद्ध आणि कोरडा असतो. चुलीच्या गॅसनं कॅपिलरी, म्हणजे आतली केसासारखी बारीक नळी, तुंबते, कंप्रेसर जातो आणि दुकानाला धोका राहतो तो वेगळाच. हा प्रयोग करणारे आहेत, म्हणून प्रश्न इथे घेतला.

पण कारखान्यातून आलेला २९० चा फ्रीझर तरी फुटणार नाही ना?

भीती समजण्यासारखी आहे, पण आकडे बघा. छोट्या फ्रीझरमध्ये २९० साधारण ५० ते १५० ग्रॅम असतो. हवेत तो घनमीटरला ३८ ग्रॅमच्या वर गेला तरच पेटतो. तुमचं दुकान १० बाय १२ फूट, उंची १० फूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. दीडशेच्या दीडशे ग्रॅम सुटले आणि खोलीभर पसरले तरी घनमीटरला साडेचार ग्रॅमसुद्धा भरत नाही. त्याच दुकानात चहासाठी १४.२ किलोचा सिलेंडर बिनघोर ठेवलेला असतो, त्याच्यापुढे हे काहीच नाही.

धोका खोलीभर पसरण्यात नाही, साचण्यात आहे. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो. म्हणून फ्रीझर खड्ड्यात, जिन्याखालच्या बंद कोनाड्यात किंवा देवाच्या दिव्याशेजारी ठेवू नका. मागची जाळी मोकळी ठेवा. आणि दुरुस्तीच्या वेळी, आत गॅस असताना कोणी ब्रेझिंगची ज्योत पेटवायला निघाला तर काम थांबवा. बहुतेक अपघात चालू यंत्रात होत नाहीत, उघडलेल्या यंत्रात होतात.

आंतरराष्ट्रीय मानकानं २०१९ मध्ये अशा बंदिस्त व्यापारी यंत्रांसाठी २९० ची मर्यादा १५० ग्रॅमवरून सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत नेली. त्यामुळे मोठे डिस्प्ले कॅबिनेटही आता २९० वर बनतात.

जाता जाता: देशातल्या गॅस सिलेंडरांना परवानगी देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. ज्या सिलेंडरवर त्यांच्या मान्यतेची खूण नाही तो दुकानात घेणाऱ्यानं निदान या शहरात तरी लाजावं.

नागपूरच्या ४७ डिग्रीत हे नवीन गॅस टिकतील का?

२३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. २०२४ च्या मेअखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले आणि दिवसभर तोच फोटो मोबाइलवर फिरला. नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आपल्याला ४७ पुरेसे आहेत.

गंमत म्हणजे उन्हात आधी दमतो तो ४०४ए. ज्या तापमानाच्या वर गॅसचा द्रव होऊच शकत नाही, ते त्याच्या बाबतीत ७२ अंशांच्या आसपास आहे. आपल्या गच्चीवर कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, ५५-६० अंशांना चालतो, म्हणजे तो त्या सीमेच्या फार जवळ. तिथे थंड करण्याची ताकद घसरते आणि वीज वाढते. २९० ची ही सीमा ९६-९७ अंश, १३४ए ची १०१. त्यामुळे भर उन्हाळ्यात नीट बनवलेलं २९० चं मशीन ४०४ए पेक्षा कमी वीज खातं.

पण गॅस कोणताही असो, विकत घेताना पाटीवरचा क्लायमेट क्लास बघा, तो कोणी बघत नाही. व्यापारी काउंटरवर क्लास ४ लिहिलं असेल तर त्याची चाचणी ३० अंशांच्या खोलीत झाली आहे, क्लास ५ असेल तर ४० अंशांच्या. घरगुती धर्तीच्या फ्रीझरवर ‘टी’ असेल तर ४३ अंशांपर्यंत. एसी शोरूममध्ये ठेवायला क्लास ४ ठीक आहे. पत्र्याच्या शेडमधल्या रसवंतीला नाही.

आणि कंडेन्सर साफ करा. कंडेन्सरचं तापमान एक अंशानं वाढलं की वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते. मऊ ब्रश, महिन्यातून एकदा, फुकटचं काम. गच्चीवरच्या युनिटला सावली द्या, पण हवा अडेल अशी ताडपत्री गुंडाळू नका. तसं करणारे धरमपेठेतही दिसतात.

सुपरमार्केटवाले कार्बन डायऑक्साइडवर चालणारी सिस्टिम सुचवतात. इथे जमेल?

जमेल, पण साधी नाही. कार्बन डायऑक्साइडची द्रव होण्याची ती सीमा फक्त ३१ अंश. नागपुरात फेब्रुवारीच्या अखेरीपासून दुपारी हवा त्याच्या वरच असते. मग गॅसचा द्रव होत नाही, नुसता दाबाखाली गार करावा लागतो, आणि दाब ९० ते १२० बारपर्यंत जातो. थंड युरोपात या सिस्टिम हजारोंनी आहेत; आपल्याकडे इजेक्टर, समांतर कंप्रेसर अशा जादा भागांची जोड लागते, नाहीतर विजेचं बिल सगळी बचत खाऊन टाकतं.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे. आपलं मे महिन्यातलं ऊन कोरडं असतं. ज्या कारणानं वाळ्याचे ताटे लावलेला कुलर मुंबईत कामाचा नसतो आणि नागपुरात थंडगार करतो, त्याच कारणानं कंडेन्सरच्या आधी ओल्या पॅडमधून हवा ओढली तर ती ४४ वरून तीसच्या आसपास येते. पाणी लागतं हे खरं, आणि मे महिन्यात टँकरवर असलेल्या वस्तीत तो हिशेब आधी करावा. जुलैत हवा दमट झाली की पॅडचा फायदा कमी होतो, पण तेव्हा ऊनही उतरलेलं असतं.

दुसरी पद्धत म्हणजे कॅस्केड: फ्रीझरच्या बाजूला कार्बन डायऑक्साइड, गच्चीच्या बाजूला दुसरा गॅस. मोठ्या दुकानाला माझ्या मते आपल्याकडे हीच जास्त झेपते. छोट्या दुकानानं या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. प्लग लावला की चालू होणारे २९० चे सुटे काउंटर घ्यावेत. एक बिघडला तरी बाकीचे चालतात.

आमची ४०४ए ची कोल्ड रूम पाचच वर्षांची आहे. फेकू का?

फेकू नका. आधी वरच्या पद्धतीनं गळती शून्यावर आणा. गळती नसलेली ४०४ए ची रूम ही गळक्या ‘हिरव्या’ रूमपेक्षा बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातूनही मोठं काम निघालं, कंप्रेसर बदलायचीच वेळ आली, तर ४४८ए किंवा ४४९ए यांचा विचार होतो. त्यांचा जीडब्ल्यूपी १,४०० च्या आत आहे, म्हणजे जवळपास ६५ टक्के कमी, आणि ते पेटत नाहीत. पण नुसता गॅस बदलून भागत नाही. गॅसचा प्रवाह आवरणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह पुन्हा सेट करावा लागतो, आणि या गॅसांत कंप्रेसरमधून बाहेर पडणारी वाफ ४०४ए पेक्षा जास्त तापते. उणे २० ची रूम आणि बाहेर ४५ अंश, या जोडीत कंप्रेसरचं तेल करपू शकतं. कंप्रेसर कंपनीनं त्या मॉडेलला हा गॅस चालतो असं लेखी दिल्याशिवाय हात लावू देऊ नका.

नवीनच बांधणार असाल तर ४०४ए चं कोटेशन हातात सुद्धा घेऊ नका.

संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजचं काय?

मोठी शीतगृहं बहुतेक अमोनियावर चालतात, आणि अमोनियाचा जीडब्ल्यूपी शून्य. शंभराहून जास्त वर्षं जुना हा गॅस या सगळ्या वादात न सापडता उभा आहे. नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश आणि ९० टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो. त्याखाली नेलं तर सालीवर डाग पडतात. अमोनियाला हे तापमान सहज जमतं. मिरचीच्या शीतगृहांचंही तेच.

अमोनियाचा दोष म्हणजे तो विषारी आहे. बरं इतकंच की हवेत दशलक्षात पाच भाग झाले तरी नाक ओळखतं, आणि तीनशे भाग जिवाला तात्काळ धोक्याचे. मधे बराच वाव आहे, पण पळण्यासाठी दार उघडं असेल तरच. तांब्याला तो खातो, म्हणून सगळं पाइपिंग लोखंडी लागतं. शेतकरी गटांच्या दहा-वीस टनांच्या छोट्या रूमसाठी अमोनिया परवडत नाही, आणि नेमक्या तिथेच आजही डोळे झाकून ४०४ए बसवला जातो. फलोत्पादन योजनेत शीतगृहाला ठरावीक मर्यादेपर्यंत ३५ टक्के अनुदान मिळतं. प्रकल्प अहवालात कोणता गॅस लिहिलाय ते सही करण्याआधी वाचा. पुढची पंधरा वर्षं तो तुम्हालाच भरायचा आहे.

१२३४वायएफ वगैरे नवीन गॅस येतायत, ते घेऊ का?

जीडब्ल्यूपी अगदी कमी, पण महाग, थोडे पेट घेणारे, आणि हवेत विघटन होऊन ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्ल तयार करणारे. हे आम्ल पाण्यात साचत राहतं, म्हणून युरोपात त्यावर वाद चालू आहे. दुकानाच्या फ्रीझरला २९० मिळत असताना यांच्या मागे लागायचं कारण दिसत नाही.

दारातला कूलर शीतपेय कंपनीचा आहे. त्याचं मी काय करायचं?

त्याला आपला मेकॅनिक लावू नका, एवढंच. कूलरवर कंपनीचा तक्रार नंबर असतो. मोठ्या ग्राहकवस्तू कंपन्यांनी २०१० मध्येच एकत्र येऊन असे गॅस सोडायचं जाहीर केलं होतं, त्यामुळे नवीन आलेला कूलर बहुधा २९० चा असतो. त्यात कोणी १३४ए भरून गेला तर नुकसान कंपनीचं, पण भांडण तुमच्या दारात.

जुना फ्रीझर भंगारात देताना काही करावं लागतं का?

गॅस आधी काढून घ्यायचा. भंगारवाला काय करतो ते सगळ्यांनी पाहिलंय: कटरनं तांब्याची नळी छाटतो, फुस्स आवाज येतो, पाच सेकंदांत संपलं. ४०४ए असेल तर त्या पाच सेकंदांत टनभर कार्बन डायऑक्साइडएवढं काम झालं. तोच गॅस मेकॅनिकनं रिकव्हरी मशीननं काढला तर गाळून, वाळवून पुन्हा वापरता येतो, आणि पुढे भाव चढले की त्याला किंमतही येईल. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम फ्रीजसारख्या यंत्रांनाही लागू आहेत, त्यामुळे नवीन घेताना विक्रेत्याला जुनं नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाईल का हे विचारा. तांब्याचे चार पैसे कमी मिळतील.

बाजारात गॅस स्वस्त मिळाला तर घेऊन ठेवू का?

साठा करू नका, आणि फार स्वस्त असेल तर मुळीच घेऊ नका. बनावट १३४ए मध्ये आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड, मिसळलेला सापडलेला आहे. तो ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करतो आणि तयार होणारा पदार्थ हवा लागताच पेट घेतो. २०११ मध्ये अशाच भेसळीमुळे जहाजावरच्या शीत कंटेनरांचे कंप्रेसर फुटले आणि माणसं दगावली. खोका छापील, सिलेंडर नवाकोरा, हे बनावट मालातही असतं. सिलेंडर ओळखीच्या विक्रेत्याकडून, बिलासह आणि सील बघून घ्या.

मेकॅनिक नवीन गॅसचं काम जाणतो की नाही, कसं ओळखू?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं होतं, आणि आयटीआयमधून असे वर्ग झालेही. प्रमाणपत्र असेल तर मागून बघा. नसेल तर त्याची पिशवी बघा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्हॅक्यूम पंप, नायट्रोजनचं रेग्युलेटर, आणि २९० साठी गळती शोधणारं वेगळं उपकरण. हे चार नसतील तर २९० च्या यंत्राला त्याला शिवू देऊ नका. तो काम करत असेल तेव्हा शटर पूर्ण वर, पंखा आधीच चालू, आणि शेजारच्या तर्री-पोहेवाल्याला शेगडी तेवढा वेळ बंद ठेवायला सांगा. तो कुरकुरेल, पण ऐकेल.

बिलावर ‘गॅस चार्जिंग’ एवढंच लिहून घेऊ नका. गॅसचं नाव, किती ग्रॅम काढला, किती भरला, गळती कुठे सापडली, हे चार रकाने हवेत. ‘गळती सापडली नाही’ असं लिहून पूर्ण चार्ज लावलेला असेल तर पैसे देण्याआधी साबणाचं पाणी स्वतःच्या हातानं लावून बघा.